महाराजांचं दोन रुपयांचं नाणं ग्रेडिंगला पाठवावं का? परभणीकडचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे हे गृहस्थ एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. नाव देत नाही. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही तेच म्हणतो. १९९९ सालचं, छत्रपती शिवाजी महाराजांची छबी असलेलं दोन रुपयांचं नाणं तिकिटाच्या पैशात आलं की नाना ते चामडी पिशवीत टाकायचे नाहीत, वरच्या खिशात ठेवायचे. रात्री डेपोत हिशेब भरताना तेवढे पैसे पदरचे घालायचे. "महाराजांना चिल्लरीत काय फिरवायचं?" एवढंच त्यांचं कारण. तीन-चार वर्षं हा क्रम चालला. नंतर पत्र्याचा डबा भरला आणि माळ्यावर गेला.

डबा खाली आला तो २०२३ च्या दिवाळीनंतर. नानांच्या मुलाचं तालुक्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मोबाइलवर 'हे नाणं असेल तर पाच लाख' अशी जाहिरात पाहिली. फोन केला, फोटो पाठवले. समोरच्यानं 'नोंदणी' म्हणून १,१५० रुपये घेतले आणि दोन दिवसांनी 'जीएसटीचे' ८,५०० मागितले. मुलगा तेही भरायला निघाला होता. नानांनी अडवलं. "विकायलाव आपण, अन् पैसे बी आपणच भरायचे? आमच्याकडं तर तिकीट घेणारा पैसे द्यायचा."

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याच प्रकाराबद्दल पत्रक काढलं होतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक स्वतः पडत नाही, कुणाकडून फी, कमिशन किंवा कर मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ते पत्रक मुलापर्यंत पोचलं नव्हतं, जाहिरात मात्र रोज पोचत होती.

ओळखीतून हा मुलगा माझ्याकडे आला. मी छत्रपती संभाजीनगरला असतो, नाणी जमवतो. धंदा नाही, छंद आहे. तोवर त्याचा प्रश्न बदलला होता. पाच लाख मिळणार नाहीत हे त्याला पटलं होतं. आता त्याला कुणीतरी सांगितलं होतं, "नाणं अमेरिकेत पाठवून ग्रेड करून आण, मग खरी किंमत येते." नानांची ईपीएस-९५ ची पेन्शन महिन्याच्या औषधांना पुरत नाही, हे त्यानं न विचारता सांगितलं. त्यामुळे 'छंद म्हणून बघू' असं म्हणण्यासारखं हे काम नव्हतं.

अडचण नेमकी काय होती

नाणं ओळखायला अवघड नव्हतं. तांबं-निकेलचं, अकरा बाजूंचं, ६ ग्रॅम वजनाचं, २६ मिलिमीटरचं. स्मारक नाणं असलं तरी पेटीत घालून विकलेलं नव्हे, रोजच्या चलनासाठी अमाप पाडलेलं. वर्षाच्या आकड्याखाली टांकसाळीची खूण बघायची असते : मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. मुलानं खुणांवरून चार ढीग केले होते आणि एखादी खूण दुर्मिळ असेल अशी त्याला आशा होती. इतक्या संख्येनं पाडलेल्या नाण्यात निव्वळ खुणेवर फार पैसा सुटत नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं.

ग्रेडिंग म्हणजे काय, यावरून घोळ होता. नाणं पाठवायचं, कंपनी ते खरं आहे का ते पाहते, अवस्थेला १ ते ७० पैकी आकडा देते आणि सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत घालून परत पाठवते. या डबीला संग्राहक 'स्लॅब' म्हणतात. पीसीजीएस आणि एनजीसी ही यातली दोन मोठी नावं. दोन्ही अमेरिकन, पहिली १९८६ ची, दुसरी १९८७ ची. आकड्यांची ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी आखली. तेव्हा तिचा अर्थ सरळ पैशाचा होता : १ च्या नाण्याची जी किंमत, ७० च्या नाण्याची तिच्या सत्तरपट. हा हिशेब पुढे मोडला, आकडे मात्र राहिले. मुलाच्या डोक्यात नकळत तोच जुना हिशेब बसला होता. आकडा आला की किंमत आली!

प्रत्यक्षात साध्या नाण्याच्या बाबतीत स्लॅब विकतो ती अवस्था. नाणं कुणाकडेही असतं. मग प्रश्न उरतो तो इतकाच की या अवस्थेसाठी जादा पैसे मोजणारा माणूस आहे का, आणि तो किती मोजतो.

नाण्यांची छाननी

पहिली फेरी मुलानं घरीच केली. २१२ पैकी १७१ नाणी वापरलेली निघाली. महाराजांच्या गालावर, टोपाच्या कडेवर, म्हणजे सगळ्यात उंच भागावर झीज असेल तर ते नाणं न वापरलेल्यांच्या पंक्तीत बसत नाही. ४१ चकचकीत होती. त्यातली ९ भिंगाखाली टिकली.

बाकीची ३२ का गळाली हे मुलाला पटेना. "ही तर नवीकोरी आहेत." नवीकोरी होतीच. पण चलनासाठी पाडलेलं नाणं यंत्रातून पडतं ते दुसऱ्या नाण्यांच्या ढिगावर. मग मोजणी यंत्र, पिशवी, ट्रक, बँक, तिथली आपटाआपटी. माणसाच्या हातात येण्याआधीच त्याच्या अंगावर खरचटे असतात. न वापरलेल्या नाण्यांचा पट्टा ६० पासून सुरू होतो आणि ६० ते ७० मधला सगळा खेळ या खरचट्यांचा आहे. गालावर एक ठळक ओरखडा असेल, तर बाकी नाणं कितीही झळको, वरचा आकडा विसरायचा.

शेवटी तीन नाण्यांवर बोलणं आलं. पहिलं सगळ्यात झळझळीत, मुलाचं लाडकं. दुसरं किंचित पिवळसर सावली चढलेलं, पण सावलीखाली चमक शाबूत. तिसरं वापरलेल्या ढिगातलं. नाणी उलटवताना मुलाच्याच लक्षात आलं की याची मागची बाजू आडवी येते. आपल्या नाण्याची पुढची बाजू सरळ धरून पुस्तकाचं पान उलटल्यासारखं फिरवलं तर मागची बाजूही सरळच दिसायला हवी. इथं अशोकस्तंभ जवळजवळ काटकोनात आडवा झाला होता. साचा सैल होऊन फिरला की असं होतं. पाच-दहा अंश फिरलेली नाणी पुष्कळ सापडतात, त्यांना कुणी विचारत नाही. नव्वद अंशाला मात्र गिऱ्हाईक आहे.

त्याच डब्यात चारमिनारची छाप असलेला एक चांदीचा रुपया होता. हिजरी १३३१ चा, चारमिनारच्या दारात निजाम उस्मान अलींच्या नावाचं 'ऐन' हे अक्षर असलेला. नानांच्या आईचा हाली, म्हणजे निजामाच्या राज्यातला रुपया. मराठवाड्यात जुन्या घरी असा एखादा निघतोच. मुलगा म्हणाला, "हाही पाठवू का त्यांच्यासोबत?" नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि हिजरी १३३१ म्हणजे १९१२-१३. १९९९ च्या नाण्याला ही आडकाठी नाही. गंमत अशी की डब्यातली खरी जुनी वस्तू कापडात गुंडाळून परत ठेवली गेली आणि आम्ही तास न् तास घालवले ते दोन रुपयांवर.

समोरचे पर्याय

ग्रेडिंग कंपनीकडे नाणी पाठवणाऱ्या मध्यस्थानं सांगितलेला खर्च असा : प्रत्येक नाण्याला २,३०० रुपये, त्यावर हाताळणी, विमा आणि जाण्या-येण्याच्या पार्सलचे मिळून १,३०० रुपये. हे १,३०० एक नाणं पाठवा की चार, तेवढेच. पाडतानाच चूक झालेल्या नाण्यावर 'मिंट एरर' अशी नोंद हवी असेल तर तिची फी वेगळी. थांबायचं काही महिने.

न ग्रेड केलेल्या चांगल्या नाण्याला ओळखीचा व्यापारी २८ रुपये द्यायला तयार होता. निवडक असेल तर पन्नास-साठ.

मुलाचं म्हणणं, नऊच्या नऊ पाठवू, एक तरी लागेल. मी त्याला आकडे मांडून दाखवले. नऊ नाण्यांचे बावीस हजार रुपये होत होते. त्यातली बहुतेक ६३-६४ ला अडकतील असा माझा अंदाज होता. या मालिकेतल्या स्लॅब केलेल्या नाण्यांच्या ज्या आठ-दहा पूर्ण झालेल्या विक्री आम्हाला सापडल्या, त्यांत ६४ पर्यंतच्या नाण्यांना पाठवणीचा खर्चसुद्धा निघालेला नव्हता. पूर्ण झालेल्या विक्री, हे मुद्दाम सांगतो. मुलानं आणलेले आकडे मागितलेल्या किमतींचे होते. तीच नाणी, तेच फोटो, महिनोन् महिने तशीच पडून. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

त्याला आणखी एक गोष्ट सापडली होती. कंपन्या आपापल्या नोंदवहीत कुठल्या नाण्याला कुठला आकडा किती वेळा दिला हे दाखवतात. या नाण्याच्या वरच्या आकड्यांपुढे अगदी थोडी संख्या होती. "म्हणजे दुर्मिळ!" नाही. म्हणजे कुणी पाठवत नाही. अठ्ठावीस रुपयांच्या नाण्यावर अडीच-तीन हजार घालणारे मुळात किती? उद्या चार जणांनी पाठवली की ती संख्या चौपट होईल.

दुसरा पर्याय, काहीच पाठवायचं नाही. चकचकीत नाणी घाऊक विकायची, फिरलेल्या साच्याचं नाणं तसंच उघडं विकायचं. तिसरा, एखादंच निवडून पाठवायचं.

मी तिसऱ्याच्या बाजूनं बोललो. पहिलं नाणं ६६ पर्यंत जाईल असं मला वाटत होतं. त्या आकड्याला मालिका पूर्ण करणारे, एकमेकांशी चढाओढ करणारे संग्राहक दार उघडतात, खर्च निघून हाती थोडं उरू शकतं. शक्यता दहात तीनची धरली होती. तो आकडा कुठून आला असं आता कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

काय केलं

नाणं मी हातात घेऊन पाहिलं नव्हतं, ही इथली मुख्य गोष्ट. परभणीला जायचं राहत गेलं आणि मुलाच्या दुकानात दुरुस्तीचा सूक्ष्मदर्शक होता. त्यानं काढलेले फोटो इतके स्वच्छ होते की मला गरजच वाटली नाही. गालावर ओरखडा नाही, कडा धारदार, पृष्ठ एकसारखं उजळ. मी होकार दिला.

पैसे भरायच्या दिवशी मुलाचा फोन आला. १,३०० तर तसेही जाणारच आहेत, मग दुसरं नाणंही पाठवू का? त्या नाण्याला ६५ च्या वर मी धरत नव्हतो. तरी "वाटलं तर पाठव" म्हणालो. हा निर्णय आम्ही घेतला असं म्हणता येणार नाही. तो पार्सलच्या दरानं घेतला.

फिरलेल्या साच्याचं नाणं पाठवायचं नाही, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. चूक डोळ्यांना दिसत होती, ती पटवायला प्रमाणपत्र लागत नव्हतं. अंगावर झीज असल्यामुळे आकडाही खालचाच आला असता. मुलानं पुढून-मागून फोटो आणि नाणं उलटवतानाचा छोटा व्हिडिओ एका एरर जमवणाऱ्याला पाठवला. आठवड्यात ते १,१०० रुपयांना गेलं. छाननीत गळालेल्या ३२ मधली ३० नाणी २८ च्या भावानं व्यापाऱ्यानं नेली, ८४० रुपये आले. उरलेली दोन नानांनी नातींना दिली.

निकाल

साडेचार महिन्यांनी दोन्ही नाणी परत आली. पिवळसर सावलीचं ६५. आणि झळझळीत नाण्याच्या डबीवर आकडाच नव्हता. 'न वापरलेलं, तपशील : क्लीन्ड'. म्हणजे अवस्था न वापरलेल्याची, पण पृष्ठ घासलेलं, म्हणून आकडा नाही.

मुलानं मला रागानंच विचारलं, घासलं कुणी? आम्ही सुरुवातीलाच विचारलं होतं, नाणी कधी धुतली का. नाना म्हणाले होते, डबा वीस वर्षं माळ्यावर. मुलगा म्हणाला होता, मी हात नाही लावला. दोघंही खरं बोलत होते. काकूंना, म्हणजे नानांच्या पत्नीला, कुणी विचारलंच नव्हतं. त्या दर लक्ष्मीपूजनाला डब्यातली महाराजांची पाच चांगली नाणी काढून चिंचेचा कोळ आणि रांगोळीनं लख्ख करत, पूजेत मांडत आणि परत डब्यात ठेवत. माळ्यावर डबा चढवणाऱ्याला आणि उतरवणाऱ्याला आम्ही साक्षीला उभं केलं, उघडणारीला विसरलो.

नाणं छापलं जातं तेव्हा दाबाखाली धातू मधून कडेकडे वाहतो. त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठावर राहतात. उजेडात नाणं डोलवलं की त्यांच्यामुळे चमकेचा एक पट्टा चक्रासारखा फिरतो. रांगोळीची पूड या रेघांवर आडव्या रेघा ओढते. मग नाणं चमकतं, कधी आधीपेक्षा जास्तच चमकतं, पण पट्टा फिरत नाही. चमक एका जागी मेल्यासारखी बसते. आणि या आडव्या रेघा मोबाइल दुरुस्तीच्या सूक्ष्मदर्शकात दिसल्या नाहीत याचं कारण त्याच्या भिंगाभोवतीचं गोल दिव्याचं कडं. चहूबाजूंनी सारखा उजेड पडला की बारीक रेघेला सावलीच उरत नाही. सर्किट बघायला तो उजेड उत्तम, नाणं पारखायला घातक.

परत आलेली डबी मी टेबलावरच्या एका साध्या दिव्याखाली तिरकी धरली. ओल्या फडक्यानं काच पुसल्यावर उमटतात तशा रेघा महाराजांच्या चेहऱ्यामागं भरून होत्या. दहा सेकंद लागले.

६५ च्या नाण्याला सगळ्यात मोठी मागणी १,५०० ची आली. नानांनी नाही म्हटलं. ग्रेडिंगचा खर्च ५,९००, विक्रीतून आलेले १,९४०. म्हणजे ३,९६० रुपये पदरचे गेले. फसवणुकीचे १,१५० धरले तर ५,११०. काहीच पाठवलं नसतं तर १,९४० रुपये हाती राहिले असते. स्लॅबमधलं नाणं पुढे कधीतरी चांगल्या भावाला जाईलही. पण नानांची औषधं या महिन्यातली होती.

आता वेगळं काय करेन

फोटोंवर होकार देणार नाही. परभणी काही लांब नाही, बसनं एका दिवसात जाऊन-येऊन होतं. जाणं खरोखर जमत नसेल तर फोटोऐवजी व्हिडिओ मागेन : अंधारी खोली, एकच दिवा, कडेनं धरलेलं नाणं हळूहळू डोलवत. पट्टा फिरतो की नाही हे त्यात लपत नाही.

धुण्याबद्दलचा प्रश्नही तसा विचारणार नाही. 'कधी धुतली का' याला घरोघर 'नाही' हेच उत्तर येतं, कारण पूजेतल्या वस्तू उजळणं याला आपल्याकडे धुणं म्हणत नाहीत. ही नाणी दिवाळीत, दसऱ्याला, लग्नकार्यात बाहेर निघतात का, आणि ती कोण काढतं, असं विचारेन. आणि जी काढते तिच्याशी बोलेन.

मुलाला आधी लिहायला लावेन की कुठल्या आकड्याला कोण विकत घेणार. माणूस, निदान त्याची शेवटची खरी खरेदी. आम्ही खर्च रुपयात मांडला आणि उत्पन्न आशेत. ६६ आलं असतं तरी गिऱ्हाईक ठरलेलं नव्हतंच.

पार्सलचा खर्च वाटून घ्यायला दुसरं नाणं घालणं, ही चूक मी अनुभवी म्हणून जास्त माझी धरतो. १,३०० वाचवायला २,३०० घातले. एसटीत रिकामं सीट दिसलं म्हणून तिकीट काढावं तसं.

एका बाबतीत मात्र तेच करेन. फिरलेल्या साच्याचं नाणं उघडंच विकलं ते बरोबर होतं. आणि नऊ नाणी पाठवू न देणं हेही, यात माझी काही हुशारी नसली तरी.

उरलेली सात निवडक नाणी मुलानं पुठ्ठ्याच्या फ्लिपमध्ये ठेवली आहेत. मऊ, वास येणारं प्लॅस्टिक वापरू नको म्हणून सांगितलं होतं, ते त्यानं पाळलं. वापरलेली १७० परत त्याच डब्यात आहेत. पुढच्या दिवाळीला काकूंनी पूजेसाठी नाणी मागितली तेव्हा मुलानं त्यांच्या पुढ्यात 'क्लीन्ड'ची डबी ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, नखानं कड उचकटून बघितली, उघडेना. त्यावर काय लिहिलंय म्हणून विचारलं. मुलानं सांगितलं, धुतलेलं आहे असं लिहिलंय.

"मग बरंच लिहिलंय की," काकू म्हणाल्या, आणि ती तशीच पाटावर मांडली.